रॉडखालची दोन बोटं

समोरच्या इमारतीला काचा बसायला लागल्या आणि माझी झोप उडाली. आधी वाटलं, कपड्यांचं शोरूम असेल. मग एका दुपारी टेम्पोतून ट्रेडमिल उतरायला लागल्या, एकामागून एक, आणि मी माझ्या जिमच्या दारात हातात झाडू घेऊन बघत उभा राहिलो. बायको डबा घेऊन आली होती. म्हणाली, "अहो, झाडताय का मोजताय?" मी म्हटलं, "मोजतोय." खोटं कशाला बोलायचं.

माझी जिम म्हणजे वडिलांचा भिवंडीतला पॉवरलूमचा गाळा. लूम भंगारात गेले, गाळा राहिला. ज्यांवर लूम बसवले होते ते बोल्ट अजून फरशीतून डोकं वर काढून आहेत. नवा माणूस हमखास ठेचकाळतो आणि जुने हसतात. आजूबाजूचे गाळे चालूच, त्यामुळे माझा आरसा दिवसभर थरथरतो, आणि त्यात बघणाऱ्याला आपले दंड आहेत त्यापेक्षा जास्त फडफडताना दिसतात. त्याबद्दल कुणी कधी तक्रार केलेली नाही. मशिनी इथल्याच वेल्डरने बनवलेल्या. नाइट शिफ्ट संपवून कारागीर थेट येतात, त्यांच्या केसांतली रुई प्लेटवर बसते, घामाने चिकटते, आणि मी रोज ती खरवडून काढतो. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये काय होतं ते सांगत नाही, जेवणाआधी वाचत असाल तर बरं नाही.

लोकांना वाटतं, जिम चालवणं म्हणजे बनियन घालून फिरायचं. अरे, मी प्लंबर, मी इलेक्ट्रिशियन, मी झाडूवाला, मीच डॉक्टर. लग्न ठरलं की पोरं येतात, लग्न झालं की गायब. कुणाला पंखा हवा, कुणाला पंख्याने सर्दी होते. कुणी म्हणतं, उस्ताद, गाना बदलो. एवढं सगळं मी हौसेने केलं, कारण या रस्त्यावर लोखंड उचलायचं म्हटलं की माझंच दार होतं. दुसरं नव्हतंच. आता समोर काचा बसत होत्या.

आणि त्या बसवणारा कोण? तर माझाच शिष्य. त्याला मी शेठ म्हणतो, तोंडावर नाही, मनात. दापोड्याकडचं शेतकऱ्याचं घर, भातशेतीत गोदामं उभी राहिली, भाडं सुरू झालं. पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा असा गुबगुबीत होता की नुसता रिकामा रॉड त्याच्या छातीवरून उठेना. सगळे बघत होते. मी त्याच्या डोक्यामागे उभा राहिलो, रॉडखाली दोन बोटं घातली आणि म्हणालो, "सगळं तुझंच आहे, मी नुसता उभा आहे." रॉड वर गेला. उठून बसला तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका.

हे माझं जुनं तंत्र आहे. बेंचवर आडवा झालेला माणूस वर पत्रा बघत असतो, बोटं त्याला दिसत नाहीत. अर्धं वजन माझ्या बोटांवर असतं आणि मी शपथेवर सांगतो की मी हातही लावलेला नाही. तो पुढच्या वेळी खरंच जास्त उचलतो. गाळ्यातले निम्मे लोक या एका थापेवर वाढलेत. तो मात्र माझ्या डोळ्यांसमोर थेट दोन मजल्यांवर वाढला.

बरं, माणूस वाईट असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. तेही सुख नाही. तो स्वतः घरी आला, बायकोच्या पाया पडला, म्हणाला, "दादा, दसऱ्याला उद्घाटन हाय. नारळ तुमीच फोडायचा. तुमचा हात लागल्याशिवाय न्हाय." बायकोने त्याला चहा दिला. वर चकल्याही दिल्या. मी गालातल्या गालात हसून "बघू" म्हणालो आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कारण दसरा माझा होता. आमच्याकडे दसऱ्याला लोखंडाची पूजा असते. आदल्या दिवशी सगळ्या प्लेट, डंबेल, रॉड धुऊन पुसायचे, लूमला घालतात तेच तेल लावायचं. सकाळी हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. त्या वर्षी जो बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत स्टेजवर उभा राहणार असेल त्याने नारळ फोडायचा, प्रसाद घ्यायचा, आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत लोखंडाला कुणी हात लावायचा नाही. वर्षभर ते आपलं ऐकतं, एक दिवस त्याला सुट्टी. नियम मीच केलेला, आणि तो मोडला म्हणून एकाला मी दाराबाहेर काढलेलंही आहे.

यंदा नारळ माझ्या पठ्ठ्याचा होता. हा गणेशपुरीकडचा, गोदामात माल चढवण्याउतरवण्याचं काम करणारा, पंचविशीचा गडी. बोलतो कमी, खातो बेताचं, आणि पाठ अशी की पाठमोरा उभा राहिला की माझा थरथरता आरसासुद्धा गप्प होईल. इतक्या वर्षांत असा एकच मिळाला. जिल्ह्याच्या स्पर्धेत स्टेजवर पुकारतात तेव्हा नावापुढे जिमचं नाव पुकारतात. माझ्या गाळ्याचं नाव त्या माइकवरून एकदा ऐकायचं, एवढी एकच हाव मला राहिली होती. आणि शेठने त्याला ट्रेनरची नोकरी देऊ केली, ही बातमी मला त्याच्याकडून नाही, समोरच्या पानवाल्याकडून कळली.

मी पठ्ठ्याला काही विचारलं नाही. तोही काही बोलला नाही. तो व्यायाम करायचा, मी त्याच्याकडे न बघता समोरच्या काचेकडे बघायचो. पगार मी देऊ शकत नव्हतो, हे मला माहीत होतं. पण ज्याच्याकडे नोकरी, त्याच्याच जिमचं नाव माइकवर लागणार, हेही माहीत होतं. बनवला मी आणि मिरवणार तो. जळलो मी, अगदी आतून जळलो, आणि त्या जळण्यात मला एक अक्कल सुचली. शेठचं उद्घाटन सकाळी दहाला होतं. माझी पूजा दरवर्षी उजाडता उजाडता असते. यंदा मी फळ्यावर लिहिलं: पूजा, सकाळी दहा.

बायकोने फळा वाचला. "दहाला का?"

"यंदा मुहूर्त दहाचा आहे."

"कुठल्या पंचांगात?"

"माझ्या."

"त्या पोरावर कशाला आणता हे?" ती म्हणाली. "त्याने काय करायचं, मधोमध रस्त्यावर उभं राहायचं?"

मी म्हटलं, "उभा राहू दे ना. कळेल तरी कुठल्या बाजूला वळतो ते."

दसऱ्याला आमच्या गल्लीतले लूमही पूजेसाठी बंद होते. एवढी शांतता की आरसा हलेना, त्यात मी मला स्पष्ट दिसलो, आणि तेही काही फार बरं वाटलं नाही. दहा वाजले. जुने कारागीर चार-पाच आले, अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून. समोर ढोल वाजायला लागला. काचेच्या दारावर फुगे, रस्त्यापर्यंत लाल गालिचा. आमच्यातला एक जण दारात जाऊन बघून आला आणि म्हणाला, "उस्ताद, सामने तो खाना भी है." मी म्हटलं, "जाओ ना फिर." मला वाटलं, रागावलो हे त्याला कळेल. त्याला वाटलं, परवानगी मिळाली. प्रसादाची साखर तोंडात टाकून ते सगळे गेले.

पठ्ठ्या आलाच नाही. काचेतून दिसत होता. अंगात काळा टी-शर्ट, छातीवर इंग्रजीत ट्रेनर. कुणातरी जाडजूड बाईंना ट्रेडमिल चालू करून देत होता. बायकोने नारळ माझ्यापुढे धरला. "तुम्हीच फोडा आता." मी म्हणालो, ठेव तिथेच. तिने तो ठेवला, माझ्याकडे एक नजर टाकली आणि घरी निघून गेली. त्या नजरेपेक्षा चार शब्द बोलली असती तर परवडलं असतं.

मग मी एकटा. समोर ढोल, इथे झेंडू. मला काय झालं माहीत नाही, म्हणजे माहीत आहे, मत्सर झाला. तरणा होतो तेव्हा जे वजन उचलायचो तेवढ्या प्लेट मी रॉडवर चढवल्या, माळेसकट. लॉक लावले, घट्ट. आणि दसऱ्याच्या दिवशी, पूजा झालेल्या लोखंडाखाली आडवा झालो.

पहिल्यांदा गेला वर. दुसऱ्यांदाही गेला, जरा कुरकुरत. तिसऱ्यांदा छातीवर आला आणि तिथेच बसला. हातांना तेल आणि हळद, पकड सुटायला लागली. झेंडूची माळ नाकावर लोंबत होती, पाकळ्या तोंडात जात होत्या. लॉक लावल्यामुळे एका बाजूने प्लेट घसरवून सुटायचीही सोय नाही. हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावतो, एकटा असशील तर लॉक लावू नको. ओरडायचं म्हटलं तर ढोल नुकताच थांबलेला, शांत गल्लीत पहिलं ऐकू जाणार ते समोर. मी ठरवलं, मरेन पण ओरडणार नाही. खरंच ठरवलं होतं. छातीत हवा उरली नव्हती तरी माझ्या डोक्यात एवढंच, की शेठला कळता कामा नये.

तेवढ्यात रॉडखाली दोन बोटं आली. दोनच. आणि डोक्यामागून आवाज आला, "सगळं तुमचंच हाय, दादा. मी नुसता उभाय."

रॉड फुलासारखा वर गेला. स्टँडवर जाऊन बसला. मी पत्र्याकडे बघत पडून राहिलो. ते वाक्य माझं होतं. ते किती खोटं असतं हे भिवंडीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

उठून बसलो तर समोर शेठ, नवा कुर्ता, हातात पेढ्यांचा बॉक्स आणि आपट्याची पानं. रॉडबद्दल एक अक्षर बोलला नाही. दसऱ्याला लोखंड का उचललं, हेही नाही विचारलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, भांडायला काही तरी मिळालं असतं. वाकून पाया पडला. "सोनं घ्या, दादा. लई वाट बघितली तुमची." मला म्हणावंच लागलं, "सोन्यासारखा राहा." तो तर आधीच राहत होता.

मग त्याने दाराकडे बघून हाक मारली. पठ्ठ्या बाहेर उभा होता. आत आला, मान खाली, काळ्या टी-शर्टात. फरशीतले बोल्ट बरोबर चुकवत आला, न बघता. म्हणाला, "सर, मला सांगायचं होतं." शेठनेच नारळ उचलून त्याच्या हातात दिला. "फोड. दादांचा नारळ ऱ्हायलाय."

त्याने फोडला. पाणी रॉडवर शिंपडलं. शेठ मला पेढा भरवत म्हणाला, "आन् स्पर्धेत नाव तुमच्या जिमचंच लावील तो. मी सांगून ठेवलंय त्याला. नोकरी माझ्याकडं असली म्हणून काय झालं?"

मी सांगून ठेवलंय. मला म्हणायचं होतं, तुझी भीक नको मला. मला म्हणायचं होतं, माझ्या पोराला माझं नाव लावायला सांगणारा तू कोण? पण तोंडात पेढा होता. आणि पेढा चांगला होता, खव्याचा, ताजा. निदान तो तरी वाईट निघायला काय हरकत होती.

स्पर्धा मैदानात मांडव घालून झाली. पठ्ठ्या स्टेजवर आला, पाठमोरा झाला, आणि माइकवरून माझ्या गाळ्याचं नाव पुकारलं गेलं. नंतर नंबर पुकारला तेव्हा पुन्हा एकदा. कारागिरांनी शिट्ट्या मारल्या. बायको चक्क उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझ्या पाठीत इतक्या थापा पडल्या की दुसऱ्या दिवशी दुखत होती. वर्षानुवर्षं जे ऐकायचं होतं ते दोनदा ऐकलं मी, आणि दोन्ही वेळा माझी नजर स्टेजवर नव्हती. पहिल्या रांगेत शेठ बसला होता, त्याच्याकडे होती.

तो गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला. दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि हसत म्हणाला, "सगळं तुमचंच हाय, दादा."

आडव्या माणसाला बोटं दिसत नाहीत. मी तर उभा होतो. मी मान डोलावली आणि म्हणालो, "हो."