म्हातारी घोडी खाली ठेवली तेव्हा

डोंगरावरची तट्टं इथेल पॅरी या शेतकऱ्याची म्हणायची, पण खरं तर ती कुणाचीच नव्हती. बारा महिने वरच. दावं नाही की दाणा नाही. वसंतात काटेरी झुडपांचे कोंभ खायची, उन्हाळ्यात दलदलीतलं राठ गवत कातरायची. त्यामुळेच जमीन मोकळी राहून लाल चोचीच्या कावळ्यांना किडे टिपता यायचे. हिवाळ्याआधी सगळं गाव मिळून कळप दगडी कोंडवाड्यात उतरवी. जादा शिंगरं विकली की बाकीची परत वर जायची.

त्या वर्षी इथेलने कळपाची म्होरकी, करडी म्हातारी घोडी, खाली ठेवून घेतली. तिचे दात झिजले होते, फासळ्या वर आल्या होत्या. त्याचा जीव तुटला.

"या थंडीत मरेल ती वर," तो बायकोला, नेस्टला, म्हणाला.

"मरेल तर मरेल. पण बाकीच्यांना वाट कोण दाखवणार? तू? तुला तुझा चष्मा सापडत नाही."

"दुसरी होईल की म्होरकी."

"होईल ना," नेस्ट म्हणाली. "पण शिकायला एक हिवाळा लागतो."

इथेल हसला. दया अंगात आली की भला माणूसही कुणाचं ऐकत नाही.

म्हातारी पुढ्यातल्या गवताला तोंड लावीना. कोंडवाड्याच्या डोंगराकडच्या भिंतीशी उभी राहून खिंकाळायची. वरून उत्तर यायचं, आणि ते रोज थोडं जवळून यायचं. इथेलला त्यात माया दिसली. नेस्ट मात्र रोज विचारायची, कळप इतका खाली का येतोय.

मग पूर्वेचा वारा सुटला आणि बर्फ पडू लागला. अशा वाऱ्यात म्हातारी कळपाला उघड्या कड्यावर नेत असे, कारण तिथे बर्फ टिकत नाही. भिंतीच्या आडोशाला ऊब वाटते, पण बर्फ साचतो तो तिथेच.

बर्फ थांबला त्या सकाळी म्हातारी खिंकाळली. वरून उत्तर आलं नाही.

"कड्यावर गेली असतील," इथेल म्हणाला. नेस्टने फाटक उघडलं.

म्हातारी पोटापर्यंत रुतत भिंतीच्या पलीकडच्या अंगाला गेली. तिथला बर्फ भिंतीच्या माथ्याला टेकला होता. ती थांबली आणि खुराने उकरू लागली.

"तिथे काही नाही गं," इथेल म्हणाला.

बर्फ ढासळला आणि एक तपकिरी कान दिसला. इथेल गुडघ्यांवर बसून हातांनीच उकरू लागला. कान थंड होता, ताठ होता. त्याने वर पाहिलं, तर म्हातारी चार पावलं पुढे सरकून दुसरीकडे उकरत होती.