मोर्च्यावरचा रफार

मला तिचा हेवा वाटायचा. हे आधीच लिहून टाकते, कारण बाबांनी शिकवलंय की पत्रकाच्या पहिल्या ओळीत मागणी हवी, कारणं नंतर. लोकांना पहिल्या ओळीत कळलं नाही तर ते पत्रकाचा भेळेसाठी कागद करतात.

आम्ही भाईंदर पूर्वेला राहायला आलो तेव्हा घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा एका कंपनीत कारकून होते आणि तिथल्या युनियनचे चिटणीस. पलंगाखाली जुन्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली, गणितं केली, पुढे निबंधही लिहिले. त्यामुळे माझ्या प्रत्येक निबंधाच्या मागच्या बाजूला कुणीतरी कुणाचा तरी निषेध करत असे. दहावीत गेले तेव्हापासून आमच्या भागातली सगळी पत्रकं मीच लिहायची. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने कागद फाटणार नाही इतपत जोर देऊन अक्षर काढायचं, मग बाबांच्या ऑफिसातल्या सायक्लोस्टाइल मशीनवर त्याच्या प्रती निघायच्या. आमच्या गल्लीत पत्रक म्हणजे माझं अक्षर. बायका नळावर म्हणायच्या, "पोरीचं अक्षर बघा, मोत्याचा सर." मी ऐकलं नाही असं दाखवायची आणि हळू चालायची.

पत्रक तपासायची बाबांची एक पद्धत होती. आधी नेहमीसारखं वाचायचं. मग लाकडी पट्टी घेऊन ती ओळीवर अशी ठेवायची की अक्षरांचं अंग झाकलं जाईल आणि शिरोरेषेच्या वरचं तेवढं दिसेल. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, रफार. "अंग सगळ्यांना दिसतं," बाबा म्हणायचे, "चूक डोक्यावर असते." ह्याला आमच्या घरात 'डोकी वाचणं' म्हणत. डोकी वाचल्याशिवाय एकही कागद आमच्या घरातून बाहेर गेला नाही.

ती पश्चिमेकडच्या मुर्धा गावची. अकरावीत माझ्या बाकावर येऊन बसली. तिच्या घरची पूर्वी मिठागरं होती, आता त्या जमिनीवर इमारतींचे खांब उभे राहत होते आणि तिच्या वडलांनी ट्रक घेतले होते. मी तिला पट्टी ठेवून डोकी वाचायला शिकवलं. ती मला बसने घरी न्यायची, तिची आई दारातूनच ओरडायची, "आयलीस गो? बस, जेवल्याबिगर जायाचा न्हाय." कॉलेजात ती शुद्ध बोलायची. फक्त घाईत असली की तिचं 'हाय' बाहेर पडायचं, आणि मी ते मनातल्या मनात दुरुस्त करायची.

बारावीनंतर तिने मुंबईतल्या एका कला महाविद्यालयाचा फॉर्म आणला. जाहिरात कला, छपाई, फोटो, आणि त्या वर्षापासून कॉम्प्युटरवरचं डिझाइन. एक नाही, दोन फॉर्म आणले. दुसरा माझ्यासाठी.

बाबांचं मत ठरलेलं होतं. "जाहिरात म्हणजे पगार घेऊन खोटं बोलणं. साबणाने माणूस गोरा होतो असं सांगायला चार वर्षं शिकायचं?" मी मान डोलावली. मलाही तसंच वाटायचं, आजही बरंचसं वाटतं. तरीसुद्धा मी तो फॉर्म भरला. मैत्रिणीकडे जाते सांगून प्रवेश परीक्षेला गेले. आठवणीतून बाजाराचं चित्र काढायचं होतं. मी बाजारात मोर्चा काढला. फलकांवरची अक्षरं सुरेख आली. माणसं मात्र आगपेटीतल्या काड्यांसारखी, आणि कोळणीच्या पाटीतले मासे केळ्यांसारखे.

यादीत तिचं नाव होतं, माझं नव्हतं.

घरी मी परीक्षेबद्दल बोलले नाही. उलट पुढचे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "मला त्या धंद्यात जायचंच नाही. माझं तत्त्व आहे." ती दोनदा समोर होती. दोन्ही वेळा तिने खाली बघून चहा प्यायला. खरं काय ते फक्त तिला माहीत होतं आणि तिने ते कधी कुणाला सांगितलं नाही. ह्याबद्दल मी तिचे आभार मानायला हवे होते. मला मात्र तिचा त्यासाठीच राग यायचा.

एकदा ती मला कॉलेज दाखवायला घेऊन गेली. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या होत्या, देवळासारख्या. आत गारठा. शिपाई म्हणाला, "पाय पुसा, मशीनला धूळ चालत नाही." माझ्या टाचा भेगाळलेल्या होत्या, मी त्या फडक्यावर जरा जास्तच घासल्या. बटणांवर मराठी अक्षरांचे छोटे कागद चिकटवलेले. तिने 'पाणी' असं लिहिलं, मग त्या शब्दाला धरून ओढलं. शब्द लांबला. पुन्हा ओढलं, ठसठशीत झाला, तिरका झाला, काळ्याचा पांढरा झाला. मला एक जाड 'पा' नीट जमायला दोन वर्षं लागली होती. तिने चहा गार व्हायच्या आत दहा केले.

"रफार कसा देतेस?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"त्याचं बटण वेगळं असतं गो. आधी सगळं अक्षर काढायचं, मग शेवटी डोक्यावर रफार. आपण हाताने काढतो तसंच."

मी म्हटलं, "अक्षराला हात लागला पाहिजे. नाहीतर ते कुणाचंच नसतं." फार तेजस्वी वाक्य होतं. परतताना गाडीत मी स्वतःलाच ते दोनदा म्हणून दाखवलं. तरी डोळ्यांसमोरून तो लांब होत जाणारा शब्द हलेना.

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचे फार हाल झाले. बायकांनी ठरवलं, हंडा मोर्चा काढायचा. रिकामे हंडे घेऊन पाण्याच्या ऑफिसवर. बैठक आमच्याच घरात झाली. मी स्टेन्सिल काढून बसले होते. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू तिच्याकडे वळल्या. ती सहज आली होती.

"तू ते कॉम्प्युटरवर शिकतेस ना गं? आपलं पत्रक तसं छापील कर की. साहेबलोक हाताने लिहिलेलं वाचत नाहीत."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पत्रक तर हीच करते ना काकू."

"अगं, मजकूर ती करेलच. दिसायला जरा बरं हवं."

दिसायला बरं. मी स्टेन्सिल पुन्हा नळकांड्यात घातला. ती हळूच म्हणाली की तिला कॉलेजात वर्षाअखेरीला लोकांसाठी केलेलं एक छापील काम द्यायचंच आहे, ते हेच होईल. "पण डोकी तू वाचायची. त्याशिवाय मी छापायला देणार नाही."

मी मजकूर लिहून दिला. मी लिहिलेल्यांतला तो सगळ्यात चांगला होता, असं मला वाटतं. आठवड्याने ती पहिली प्रत घेऊन आली. पांढऱ्याशुभ्र कागदावर डोक्यावरून उलटा धरलेला हंडा, त्याच्या पोटात काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत मथळा आणि खाली माझा मजकूर. मी बघत राहिले. माझाच मजकूर मला पहिल्यांदा मोठा वाटला. आणि हे तिने केलं होतं.

ती मोरीत पाय धुवायला गेली. मी बाबांची पट्टी घेतली आणि मथळ्यावर ठेवली. 'हंडा', अनुस्वार होता. 'मो'ची मात्रा होती. पुढे काही नव्हतं. पट्टी काढली. 'हंडा मोचा'. शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं.

"झालं?" ती पदराशी खेळणाऱ्या बाईसारखी ओढणीने हात पुसत आली. घाईत होती, बस गाठायची होती. "सगळं बरोबर हाय?"

मी पट्टी जागेवर ठेवली.

"हो," मी म्हटलं. "छान झालंय."

ती खुलली. माझ्याकडून तिला त्या कामाबद्दल मिळालेला तो पहिला चांगला शब्द होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी छपाईची प्लेट होणार होती, त्यानंतर दुरुस्ती करता येत नाही. सकाळी मी नाक्यावरच्या पीसीओपर्यंत गेले. तिच्या शेजाऱ्यांचा नंबर मला पाठ होता. आत एक माणूस गुजरातीत बोलत होता. मी पाच मिनिटं थांबले. तो बाहेर आला, दार उघडं धरून म्हणाला, "जाओ बेन." मी म्हटलं, "नहीं, ऐसेही खडी थी." आणि परत आले.

चार दिवसांनी गठ्ठे आले. बायकांनी एकेक प्रत हातात घेतली, नाकाशी धरली, शाईचा वास घेतला. "किती सुंदर गं!" काकूंनी तर देव्हाऱ्याशेजारी ठेवली. कुणालाच चूक दिसली नाही. मोर्चा म्हणून हातात घेतलं की डोळे मोर्चाच वाचतात. संध्याकाळी बाबा आले, चष्मा लावला, सवयीने पट्टी ठेवली आणि मथळ्याशीच थांबले.

"रफार कुठाय?"

मी उठून पाणी प्यायले.

"हे कुणी वाचलं होतं?"

"तिनेच," मी म्हटलं.

बाबा पट्टी टेबलावर आपटून म्हणाले, "चार वर्षांचं कॉलेज, आणि रफार शिकवत नाहीत?" मला आनंद झाला. अगदी पोटातून, उन्हात बर्फाचा गोळा खाल्ल्यासारखा. तो गोळा संपायलाही तेवढाच वेळ लागला.

कारण अर्धी पत्रकं तोवर वाटून झाली होती. सकाळी दूधवाल्या दुकानदाराने काकूंनाच अडवलं, "दीदी, ये हंडा मोचा क्या है? हंडे को मोच आ गयी क्या? तो ऑफिस काहे को जाना, हड्डी के डॉक्टर के पास ले जाओ ना!" सगळं दुकान हसलं. तासाभरात गल्लीतली पोरं लंगडत फिरायला लागली, डोक्यावर पातेली घेऊन. काकू घरी आल्या त्या रडवेल्या. "आपलं हसंच झालं हो. कशाला आता कोण येतंय." मोर्च्याला दोन दिवस होते. तो निघतच नाही की काय, अशी वेळ आली होती, आणि ती माझ्यामुळे आली होती.

मी तेव्हाही बोलले नाही.

निरोप गेला तशी ती पहिल्याच बसने आली. खांद्यावर कॉलेजची पिशवी, तिच्यात रंग आणि कुंचले. जिना चढून थेट बाबांसमोर उभी राहिली. "काका, चूक माझी. मी हिला वाचायलाच दिलं नव्हतं. घाई केली."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "बसा," एवढंच म्हणाले.

आम्ही दोघी आमच्या फरशीवर बसलो. वाटलेली पत्रकं बायका घरोघरी जाऊन परत आणत होत्या. काळ्यावर पांढरा रफार काढायचा म्हणून तिने पोस्टरचा पांढरा रंग आणला होता, बारीक कुंचल्याने एकेक आकडा 'चा'च्या डोक्यावर. तिचे रफार कुठे जाड, कुठे काकडीसारखे. माझे सगळे एकसारखे.

"तुझाच हात चांगला," ती म्हणाली. "मी वाळत घालते. मी अंग केलं, तू डोकं कर."

दुपारभर मी डोकी करत होते. खोलीभर पत्रकं पसरली होती, पलंगावर, खिडकीत, गॅसच्या ओट्यावर. दुकानदाराला पहिली प्रत काकू स्वतः देऊन आल्या. "हंड्याची मोच गेली," म्हणाल्या. मोर्चा निघाला. हंडे वाजले. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, ती माझी गोष्ट नाही.

रफार रंगवले त्याच संध्याकाळी मी तिला बसस्टॉपवर सोडायला गेले होते. नखांत पांढरा रंग होता. बस दिसायला लागल्यावर मी बोलले, म्हणजे फार बोलावं लागू नये.

"मी बघितलं होतं. पट्टी लावली होती."

"माहीत हाय," ती म्हणाली. "तू पट्टी लावलीस आन् तुला दिसला न्हाय, असा कधी झालाय?"

"मग बाबांना तसं का सांगितलंस?"

ती पिशवीत सुट्टे पैसे शोधत राहिली. मला वाटलं, आता परीक्षेचं काढेल. तिने ते तेव्हाही काढलं नाही.

"मला तुझ्यासारखा मजकूर लिहिता येत नाय गो," ती शेवटी म्हणाली. "त्या कागदाकडे बघून तुला जसं झालं ना, तसं मला दरवेळी तुझं वाचून होतं. पण मी तुझी एकपण वेलांटी खाल्ली न्हाय."

बस आली. पायरीवरून ती वळली. "कॉलेजात मी हीच प्रत देणार, रंगवलेली. तुझ्या हातातली. पुढच्या खेपेलाही डोकी तूच वाच. आणि दिसलं तर सांग."

बस मुर्ध्याकडे गेली. तिचं कॉलेज, तो गार खोलीतला कॉम्प्युटर, ती लांबणारी अक्षरं, ह्यांचा हेवा मी इतकी वर्षं तत्त्वाच्या नावाखाली झाकून ठेवला होता, आणि तिने तिचा बसस्टॉपवर सुट्टे पैसे शोधताना सांगून टाकला. मला त्याचाही हेवा वाटला.

हे लिहिलेलं मी तिला पाठवणार आहे. वाचून झाल्यावर पट्टी ठेवली. डोकी सगळी जागेवर आहेत.