कोळशाच्या पुरचुंड्या

बाबा गेल्यावर त्यांचं कपाट मी वापरायला घेतलं, पण आतला तपकिरीचा वास काही जाईना. म्हणून विठ्ठलवाडीच्या एका पॉलिशवाल्या काकांना बोलावलेलं. त्यांनी लाकडी कोळसा हातोडीने बारीक फोडला. "जेवढा बारीक, तेवढा पटकन वास धरतो, ताई." पुरचुंड्या बांधता बांधता ते थांबले.

"तपकीर कोण ओढायचं?"

"बाबा. महिना झाला त्यांना जाऊन."

काकांनी काळे हात सदऱ्यालाच पुसले. पुरचुंड्या आत ठेवल्या आणि घरात कोणी झोपलेलं असावं तसं दार अलगद लावलं.

"वास कुठे जात नाय, ताई. कोळशाला चिकटून बसतो. पंधरा दिवसांनी कडक उन्हात ठेवा, मग सोडतो तो."

आता कपाटाला नुसता लाकडाचा वास येतो. गॅलरीत रोज कडक ऊन येतं. पुरचुंड्या मी अजून उन्हात ठेवलेल्या नाहीत.