रूथमावशीचा गुरुवार

काशी मला पहिल्यांदा दिसलीच नाही, नुसती ऐकू आली. सकाळी रिक्षावाल्यानं "आगे पैदल" म्हणून उतरवलं तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढे गल्ली आहे की भिंत, कळेना. कुठेतरी घंटा वाजत होत्या. एका गायीचा ऊबदार श्वास गालाला लागला, मी बाजूला झाले, आणि तिच्या मागोमाग चालत दुर्गाघाटापर्यंत पोचले.

पर्समध्ये परतीची दोन तिकिटं होती, एक माझं आणि एक रूथमावशीचं. मावशी मागच्या महिन्यात घाटाच्या पायरीवर पडली. पुण्यातला तिचा मुलगा, सॅमदादा, हादरला. त्यानं तिच्यासाठी खोली रंगवून घेतली, तिकिटं काढली आणि नागपुरातून मला पाठवलं. "तू बायकांच्या चळवळीतली. तुझं ऐकेल ती," म्हणाला.

मलाही ते पटलं होतं. काकांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे ती काशीत आली; ते जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ही बाई परक्या शहरात कुणासाठी राहिलीय, तर तिथल्या छोट्याशा ल्यूथरन चर्चच्या भगिनी मंडळासाठी! श्रद्धा, सहभागिता, सेवा हे तीन शब्द मी लहानपणापासून मंडळांच्या बॅनरवर वाचत आलेय. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाचा बॅनरवर फारसा विश्वास नसतो.

दारात मावशीच्या आधी घरमालकीण काकू भेटल्या. घराणं मराठी, पण चार पिढ्या काशीतच. "रूथताई, ही तर एकदम दुबळी आहे हो! आधी हिला मलइयो खिलवा." मलइयो म्हणजे दुधाचा केशरी फेस. रात्रभर दवात ठेवलेलं दूध घुसळून करतात, फक्त थंडीत मिळतो. कुल्हडातून (मातीच्या पेल्यातून) खाल्ला. खाल्ला म्हणावं तर जिभेवर काही उरलंच नाही, गोड धुकं खाल्ल्यासारखं वाटलं.

"रूथताईंना घेऊन जाताय म्हणे?" काकूंनी मला विचारलं. "मग माझ्याशी मराठीत भांडणार कोण? सून तर हिंदीतच भांडते."

मावशी हसली. "आज गुरुवार आहे, एस्तू. चल माझ्याबरोबर," एवढंच म्हणाली.

घाटावरून नाव केली. मंडळाच्या चौघी आधीच बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर एकेक स्टीलचा डबा. सगळ्यांत वयस्कर एलिसबादीदी, मूळच्या रांचीकडच्या, निवृत्त परिचारिका. त्यांनी एक स्तोत्र वाचलं, मग सगळ्या हळू आवाजात गाऊ लागल्या. वर पंचगंगा घाटावरची मशीद धुक्यात तरंगत होती. पायऱ्या, छत्र्या, आंघोळ करणारी माणसं एकामागून एक उमटत होती आणि पुसली जात होती. वल्ह्याचा आवाज आणि गाणं एकाच तालात चाललं होतं. मला डुलकी लागली असावी, कारण अस्सी घाट आला तेव्हा माझं डोकं मावशीच्या खांद्यावर होतं.

तिथून ऑटोनं एका मोठ्या रुग्णालयात गेलो. त्याच्या मागे पत्र्याची शेड होती. आत रुग्णांच्या बायका, आया, सुना आठवडेच्या आठवडे सतरंजीवर राहत होत्या. पाहूनच माझं डोकं तापलं.

"आ गईं मिशनवाली," फाटकावरचा पहारेकरी टोमणा मारून गेला.

"हाँ भैया, आपकी भी चंपी कर दें?" मावशीनं विचारलं. शेडमध्ये हशा पिकला.

डबे उघडले. त्यांत तेल, कंगवे, फण्या, रिबिनी. खोबरेल थिजलं होतं, म्हणून दीदींनी बाटली स्वेटरच्या आत धरून ठेवली होती. प्रत्येक जण एकेका बाईच्या मागे बसली, डोक्यावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटले आणि गुंता सोडवू लागली. उपदेश नाही, पुस्तिका नाहीत. बास, केस!

केस? इथे बायका जमिनीवर झोपतायत आणि तुम्ही वेण्या घालताय? मी वही काढली आणि एका तरुण मुलीसमोर उकिडवी बसले. पारो तिचं नाव, बलिया जिल्ह्यातली. सासू आत वॉर्डात होती. किती दिवस झाले? सोय काय आहे? तक्रार केलीत?

तिनं पदर तोंडावर घेतला. "सब ठीके बा." (सगळं ठीकच आहे.)

दुसरीनंही तेच सांगितलं आणि तिसरीनंही.

"पीछे बैठो, बिटिया," दीदी मान वर न करता म्हणाल्या. "सामने तो दरोगा बैठता है." (समोर फौजदार बसतो.)

मी वही ठेवली आणि पारोच्या मागे बसून कंगवा घेतला. तिच्या केसांची जट झाली होती. मी खालून एकेक बट सोडवत गेले. मग ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "केवाड़ी में सिटकिनी नइखे." म्हणजे संडास-न्हाणीघराच्या दाराला कडी नाही. म्हणून बायका दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. म्हणून केस धुणंही नाही.

मी ताडकन उठले. "कुठे आहे ऑफिस?"

"चोटी तो पूरी करो पहले!" दीदी ओरडल्या. (आधी वेणी तरी पुरी कर!)

वेणी पुरी केली, तीही वाकडी. मग मी ऑफिसात जाऊन भांडले. कारकून म्हणाला, अर्ज द्या, बघू. माझ्या मागून मंडळाच्या सगळ्या आत आल्या आणि बाकावर बसून एकमेकींच्या वेण्या सोडू लागल्या. तेलाचा वास पसरला, केस उडू लागले. "अरे, ये क्या है?" कारकुनानं विचारलं. मावशी शांतपणे म्हणाली, "अर्ज. लंबा है." थोड्याच वेळात सुतार कडी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी बॅग भरायला घेतली. मावशी घाटावर चल म्हणाली. तिथे ती माझ्या खालच्या पायरीवर बसली. मी काही विचारलं नाही. तिचा अंबाडा सोडला आणि विंचरू लागले. विरळ, मऊ, पांढरे केस. समोर नदी इतकी संथ होती की नावा पाण्यावर झोपल्यासारख्या दिसत होत्या.

"पडले तेव्हा घाबरले गं मी," ती नदीलाच म्हणाली. "सॅमचं खोटं नाही. पण त्यानं तिकीट काढलं, मला विचारलं नाही. आणि तू आलीस ती तिकीट घेऊनच."

माझा हात थांबला.

"विंचर गं. तिथे खोली आहे, टीव्ही आहे, नातू आहे. पण गुरुवार नाही. इथे मी नाही गेले तर एखादीची वेणी राहते."

"आणि पुन्हा पडलीस तर?"

"तर एलिसबा ओरडेल. काकू दोन भाषांत ओरडतील. एस्तू, मला नाही यायचं."

मग मी तिला वेणी घातली. या वेळी सरळ आली.

परतीच्या गाडीत मावशीच्या बर्थवर एक अनोळखी बाई लेकराला घेऊन झोपली होती. खिडकीबाहेर गंगेचं धुकं मागे पडत होतं आणि माझ्या बोटांना अजून तेलाचा वास येत होता. बायकांना विचारा, त्यांचं त्यांना ठरवू द्या, हे मी किती पत्रकांत छापलंय. ते कुठे बसून विचारायचं, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

सॅमदादाचा फोन आला. "आई झोपली का?"

"आई काशीत आहे. तिला यायचं नाहीये."

"तू समजावलं नाहीस?"

"तूच ये आणि विचार. पण समोर बसू नकोस. मागे बस आणि तिचे केस विंचर."



"मला वेणी येत नाही गं," तो म्हणाला.

"मलाही धड येत नव्हती. गुरुवारच्या आधी पोच."