ओलिटाच्या भांड्यातली कूपनं

अमेरिकेच्या डोंगराळ भागातल्या कॅनी फोर्कच्या खोऱ्यात दवाखाना एकच, डॉक हायल्टन यांचा, आणि त्या दवाखान्याची नाव नोंदवायची खिडकी ओलिटा स्टिल्टनरची. खाणीत पाठ मोडून आलेला माणूस असो की तापानं फणफणलेलं लेकरू, आधी ओलिटाच्या खिडकीशी थांबायचं, घरच्या चार खबरी सांगायच्या, तिच्या दोन ऐकायच्या, मग आत जायचं. अंगानं भरलेली बाई. हसायला लागली की टेबलावरचे कागद हलायचे, आणि ती दिवसभर हसायची. अर्ध्या लोकांना तर खिडकीशीच बरं वाटायचं. डॉकची फी मात्र सगळ्यांना पडायची.

औषध कंपन्यांच्या एमआर लोकांची तिच्यापुढे कधी डाळ शिजली नाही. शहरातून टाय लावून, बॅग घेऊन कुणी आलं की ती गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "डॉक बाळंतपणात अडकलेत." डॉकनी शेवटचं बाळंतपण केलं होतं तेव्हा ओलिटाचे केस काळे होते. पण टायवाल्या पोरांना ते काय माहीत. ती पोरं नमुन्याच्या बाटल्या ठेवायची आणि निघून जायची.

मग अठ्ठ्याण्णव सालच्या वसंतात चॅड व्हिटलो आला. गालाला खळी, हातात बॅग नाही, एक झाकलेलं पातेलं.

"डॉक बाळंतपणात अडकलेत," ओलिटा म्हणाली.

"असू देत की. त्यांना कुणी विचारलंय? मी तुम्हाला भेटायला आलोय, मिस ओलिटा." त्यानं पातेलं खिडकीत ठेवलं. आत शिजवलेल्या घेवड्याची पातळ भाजी, वर मक्याची भाकरी, बाजूला चिरलेला कच्चा कांदा. "खालच्या खानावळीत विचारलं, ह्या खोऱ्यात खरा डॉक्टर कोण. त्यांनी तुमचं नाव सांगितलं."

आता ही लबाडी आहे हे कळायला काही पदवी लागत नाही. ओलिटालाही कळलीच. पण जन्मभर दुसऱ्यांना वाढत आलेल्या बाईच्या पुढ्यात कुणी गरम ताट ठेवलं तर ती लबाडीसुद्धा गोड लागते. तिनं कांद्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "बाळंतपण आटोपलं वाटतं. जा बाळा आत."

तेव्हापासून दर गुरुवारी दवाखान्यात जेवणावळ सुरू झाली. डुकराच्या बरगड्या, तळलेली कोंबडी, पीचचं सारण भरलेली गोड पेस्ट्री. नर्स बाईंचा गणवेश उसवला. चॅडनं डॉकना मासेमारीची टोपी दिली, भिंतीला घड्याळ दिलं, ओलिटाला एक झोपाळू कापडी अस्वल दिलं आणि नाचाच्या गाण्यांची एक सीडी दिली. सगळ्यांवर त्याच्या कंपनीच्या एकाच नव्या, दुखणं थांबवणाऱ्या गोळीचं नाव. अस्वलाच्या पोटावरसुद्धा. मग कंपनीनं डॉकना फ्लोरिडाला नेलं, समुद्राकाठच्या हॉटेलात, कसल्याशा अभ्यासवर्गाला. डॉक परतले ते नाक भाजून आणि ज्ञान घेऊन. "ओलिटा, इतकी वर्षं आपण लोकांना उगाच कण्हत ठेवलं. ह्या गोळीची सवय शंभरात एकालासुद्धा लागत नाही. एक घेतली की बारा तास दुखणं गप्प."

"मग ड्रीमाला द्या की," ओलिटा ताबडतोब म्हणाली.

ही ड्रीमा मलिन्स म्हणजे ओलिटाची शेजारीण आणि जिवाची मैत्रीण. काटकुळी, तोंडाची तिखट. शाळेच्या स्वयंपाकघरात सिमेंटच्या फरशीवर उभं राहून तिनं तीन पिढ्यांना जेवू घातलं आणि त्यात कंबर घालवली. दोघी शाळेत असल्यापासून चर्चमध्ये जोडीनं गायच्या. वरचा सूर ड्रीमाचा, खालचा ओलिटाचा. आता खालचा सूर एकटा गायला तर ते गाणं वाटत नाही, कुणी तरी शेजारच्या खोलीत कुरकुरतंय असं वाटतं. ड्रीमाला उभं राहवेना तेव्हापासून ओलिटा रविवारी नुसतेच ओठ हलवायची. तिला ड्रीमा पुन्हा शेजारी उभी हवी होती. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

चॅडकडे कूपनं होती. कूपन दाखवायचं, डॉकची चिठ्ठी दाखवायची, पहिल्या महिन्याची गोळी फुकट. ओलिटानं पहिलं कूपन ड्रीमाला दिलं.

पुढच्या आठवड्यात ड्रीमा कुंपण ओलांडून आली. फाटकातून नाही, कुंपणावर पाय टाकून. ओलिटाच्या हातातली बशी पडता पडता राहिली.

"अगं मेले, उतर खाली, मोडशील."

"काय मोडायचं राहिलंय? अगं, मला रात्रभर झोप लागली. सकाळी उठले तर वाटलं, ही कंबर कुणाची आहे?" आणि ड्रीमानं ओसरीच्या फळ्यांवर तिथल्या तिथं पायांचा ठेका धरला, टाचा आपटत, तिचा बाप नाचायचा तसा. ओलिटानं ती कंपनीची सीडी लावली. दोन म्हाताऱ्या त्या गाण्यावर इतक्या नाचल्या की शेजारचा कुत्रा भुंकून भुंकून दमला. ऑगस्टमध्ये चर्चच्या मेळाव्याला दोघी उभ्या राहिल्या आणि गायल्या. बाहेर झाडाखाली मांडलेल्या टेबलांवर जेवणं थंड झाली तरी लोक त्यांना बसू देईनात. ओलिटाला आभाळ ठेंगणं झालं.

आणि आनंद झाला की तो वाटल्याशिवाय ओलिटाला चैन पडत नसे.

खोऱ्यात एक रीत होती. कुणाचं दुखलंखुपलं, कुणी गेलं, की शेजारीपाजारी झाकलेली भांडी घेऊन यायची. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. आणि ते भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नाही तर मूठभर अक्रोड, झाडाचे चार टोमॅटो, काहीतरी घालायचं. ओलिटाकडे तर भांड्यांची नुसती रहदारी. आता ती केळ्याच्या पुडिंगवर झाकण लावायची आणि वर एक कूपन ठेवायची. खाणीतल्या आर्व्हिलच्या पाठीसाठी. पोस्टातल्या नेटीच्या मानेसाठी. शाळेच्या शिपायाच्या खांद्यासाठी. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच, फक्त इथं बायजीला खरोखर वाटत होतं की ती पुण्य करतेय. माणसं कूपन घेऊन खिडकीशी यायची, डॉक चिठ्ठी द्यायचे, आणि पुढच्या रविवारी तीच माणसं तरातरा चालत चर्चला यायची. वाटायचं, खोऱ्यावर देवाची मेहेर आहे.

चॅड चक्रावला. "मिस ओलिटा, माझ्या बाकीच्या सगळ्या दवाखान्यांत मिळून जेवढी कूपनं जात नाहीत तेवढी तुमच्या एकट्या खिडकीतून जातात. करता काय तुम्ही?"

ओलिटानं भांड्यांची गोष्ट सांगितली. चॅड हसत सुटला. पुढच्या गुरुवारी तो साहेबाला घेऊन आला, आणि साहेबानं तीच गोष्ट पुन्हा ऐकली, पण हसला नाही, लिहून घेतली. महिन्याभरात कंपनीकडून खोकं आलं. आत काचेची सुबक भांडी, झाकणावर गोळीचं नाव निळ्या अक्षरात. ती भांडी मात्र खोऱ्यात चालली नाहीत. बायका म्हणाल्या, सगळी सारखीच दिसतात, कुणाचं भांडं कुणाकडे गेलं ते कळणार कसं? कंपनीनं जगातलं सगळं डोकं लावलं, चिकटपट्टी विसरली. ओलिटा आठवडाभर ह्यावर हसत होती. कूपनं जुन्या भांड्यांतूनच जात राहिली.

हिवाळ्यात ड्रीमा खिडकीशी आली. महिना भरायला अजून वेळ होता.

"ओलिटा, त्या पोराला विचार. बारा तास म्हणतो ना? माझे आठव्या तासालाच संपतात. मग चार तास मी भिंतीकडे बघत बसते."

गुरुवारी ओलिटानं विचारलं. चॅडला उत्तर तयार होतं. "म्हणजे दुखणं मोठं आहे आणि गोळी लहान आहे. लवकर नाही द्यायची, मोठी द्यायची." त्यानं डॉकना एक तक्ता दाखवला. तक्त्यावर रेघ वर चढत होती. ड्रीमाला मोठी गोळी मिळाली. मग त्याहून मोठी. आर्व्हिललाही. नेटीलाही.

त्या ईस्टरला दोघी गायला उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या कडव्यात वरचा सूर गेला. ओलिटानं बघितलं तर ड्रीमा उभ्या उभ्या डोळे मिटून डुलत होती. लोक हसले. "देवाशी बोलतेय," मागून कुणीतरी म्हणालं. ओलिटाही हसली आणि ड्रीमाला कोपरानं ढोसलं. ड्रीमा जागी झाली, तिनं भलतंच कडवं धरलं, आणि लोक आणखी हसले. बाहेर आल्यावर ओलिटा म्हणाली, "काल रात्री पोलिसांसारखी गस्त घालत होतीस की काय?"

ड्रीमा हसली नाही. दोघींच्या एवढ्या वर्षांत ओलिटाच्या विनोदावर ती पहिल्यांदाच हसली नव्हती, आणि ते ओलिटाला घरी गेल्यावरही टोचत राहिलं.

मग खिडकीशी गर्दी वाढली. पण खबरी सांगायला कुणी थांबेना. एकाची गोळ्यांची बाटली ओढ्यात पडली, एकाची कुत्र्यानं खाल्ली. नेटीची मोरीत सांडली. सगळ्यांना महिना भरायच्या आधीच नवी चिठ्ठी हवी. कॅनी फोर्कच्या ओढ्यातले मासे तेव्हा भलतेच गुंगीत असणार. ओलिटा हसत हसत डॉकना सांगायची, आणि एक दिवस सांगता सांगता मध्येच थांबली.

"डॉक, शंभरात एकालासुद्धा लागत नाही म्हणालात ना?"

"अभ्यास तसं सांगतो."

"मग जगातले ते सगळे एकेक जण आपल्याच खोऱ्यात कसे काय राहायला आले?"

डॉकनी मासेमारीची टोपी काढली, तिच्यावरचं गोळीचं नाव बघितलं आणि पुन्हा घातली. म्हातारा वाईट नव्हता. त्याला पहिल्यांदाच भीती वाटली होती आणि ती कुठं ठेवावी ते त्याला कळत नव्हतं.

त्या गुरुवारी चॅड बरगड्या घेऊन आला. "डॉक बाळंतपणात अडकलेत," ओलिटा म्हणाली. चॅड हसला. ती हसली नाही. त्यानं पातेलं खिडकीत ठेवलं, तिनं ते उचलून बाहेरच्या पायरीवर ठेवलं आणि दार लावलं. नर्स बाई म्हणाल्या, "अगं, निदान बरगड्या तरी ठेवून घ्यायच्यास."

संध्याकाळी ती ड्रीमाकडे गेली. ड्रीमा स्वयंपाकघरात दिवा न लावता बसली होती.

"कंबर दुखते का गं?" ओलिटानं विचारलं.

"कंबरेचं मला आता काही वाटतच नाही. सकाळी गोळी नसली तर अंगाची कातडी नकोशी होते. तुझा आवाजसुद्धा सहन होत नाही मला. तुझा, ओलिटा." आणि मग ती तिखट तोंडाची बाई रडली. ओलिटानं तिला छातीशी धरलं. तिला स्वतःचा राग आला, पण राग नंतर करता येईल असं तिनं ठरवलं. आधी ड्रीमा.

ह्या सवयीवर औषध देणारं केंद्र खोऱ्यात नव्हतं, जिल्ह्यातही नव्हतं. ते होतं राज्याची हद्द ओलांडून, शहरात, डोंगरातून अडीच तास. तिथं रोज सकाळी स्वतः जाऊन ते औषध प्यायचं आणि परत यायचं, पहिले काही महिने तरी. ओलिटानं डॉकना सांगितलं की खिडकी आता दुपारी उघडेल. पटलं नाही तर दुसरी बाई बघा.

पहिल्या दिवशी पहाटेच दोघी निघाल्या. ड्रीमा घामानं भिजलेली, काचेला डोकं टेकून. ओलिटा वाटभर बडबडत होती. सहन होत नसेल तरी ऐक, म्हणाली, मला गप्प बसता येत नाही आणि शांततेनं तर तू मरशीलच. शेजारच्या टेनेसी राज्याच्या हद्दीशी ड्रीमा हळूच म्हणाली, "तू गाडी माझ्या शिव्यांपेक्षा वाईट चालवतेस." ओलिटाला इतकं बरं वाटलं की तिनं एक वळण चुकवलं.

पोहोचल्या तेव्हा केंद्राबाहेर रांग होती. गाडीतून उतरणारी ओलिटा दिसली आणि रांगेतून आवाज आला, "अरे, ओलिटा आली." आर्व्हिल होता. त्याच्यामागे शाळेचा शिपाई, त्याची बायको, नेटी. पुढं चर्चचा पेटीवादक, त्याची थोरली मुलगी. सगळ्यांचे चेहरे उजळले. आर्व्हिलनं ड्रीमाला आपली जागा दिली. नेटीनं रुमालात बांधलेले बिस्किटाचे तुकडे पुढं केले. "खा गं, ओलिटा, लांबून आलीस. तू आमचं किती बघतेस. ती पहिली गोळीसुद्धा तूच मिळवून दिली होतीस मला."

ती हे मनापासून म्हणाली, त्यात कुठं काटा नव्हता. ओलिटानं बिस्किट हातात घेतलं आणि रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिली. मग पुन्हा पहिल्यापासून.

"कुणाला शोधतेस?" ड्रीमानं विचारलं.

"बर्निस लूनीला." चर्चच्या पडद्यांच्या रंगावरून ओलिटाचं बर्निसशी वाजलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींच्या दारात गेल्या नव्हत्या. बर्निसची पाठ तर आर्व्हिलपेक्षा वाईट होती.

"ती कशाला येईल इथं?" ड्रीमा म्हणाली. "तिला कुठं तू भांडं पाठवत होतीस."