कुंपणाबाहेरून

मोशीत मी भाड्याने राहतो, त्या इमारतीच्या मागे शेजारच्या काकांचा गोठा आहे. आजूबाजूच्या शेतांवर घरं उठली, पण त्यांनी सात गाई राखल्या. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, याचं खरं कौतुक इथे त्यांनीच केलं. "शिकला नसतास तर माज्याकडं शेण काढाया आला असतास, लेका," असं म्हणून हसायचे.

लम्पीची साथ आली तेव्हा लोकांनी रस्त्यावर सोडलेली आजारी गुरं त्यांनी मोकळ्या प्लॉटवर बांधली आणि रोज त्यांच्या जखमा धुवायला घेतल्या. रोग घरच्या गाईंना लागू नये म्हणून ते स्वतःच्या गोठ्यात पाऊल टाकीनात. काकू धारेला बसत, पण थोरली कपिला त्यांच्या हाताला पान्हा सोडत नसे. मग हे कुंपणाबाहेर उभे राहून म्हणत, "दे गं बाई, मी हितंच हाय." आवाज ऐकला की ती दूध देई.

एका सकाळी मी म्हणालो, "काका, ती गुरं आता दुसऱ्या कुणावर सोपवा."

"कुनावर? नाव सांग."

माझं नाव ओठांवर आलं होतं. पण कंपनीची बस समोर उभी होती, आणि मी तिच्यात चढलो.