एकोणतीसचा पाढा

चाप ओढूनही आवाज झाला नाही, की मनोहरकाका एकोणतीसचा पाढा म्हणायचे. रिव्हॉल्व्हर समोरच्या कागदी निशाणावर तसंच रोखलेलं, बोट चापावरून बाजूला, आणि ओठांत, "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..." पाढा पुरा झाल्याशिवाय हात खाली येत नसे. "कधी कधी गोळी उशिराने उडते," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आवाज आला नाही म्हणजे संपलं, असं समजायचं नाही, बाळ."

आत्याने केलेल्या ग्रीन कार्डावर मी अमेरिकेत आले आणि २००४ साली नोव्हाय नावाच्या गावी नोकरीला लागले. काका-काकूंच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली. मी फारशी बोलत नसे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठीत चुकायची भीती, आणि ऑफिसात गेल्यावर इंग्रजीतही तीच. काका मूळचे नागपूरचे. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत माल तपासण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर ते रविवारी नेमबाजीला जात आणि त्यासाठीच्या गोळ्या तळघरात स्वतः भरत. गोळीच्या बुडाशी एक चकचकीत चकती बसवावी लागते. तिच्यावर आघात झाला की ठिणगी पडते. काका तिला टिकली म्हणत, आपल्या दिवाळीतल्या टिकल्यांसारखी. "लोकांची दिवाळी चार दिवस, आमच्याकडे बारमाही," काकू म्हणायच्या.

तळघरात गप्प बसलेलं चालायचं, म्हणून मी तिथे जात असे. काका एवढंच म्हणत, "आधी चष्मा." जाड प्लॅस्टिकचा एक चष्मा माझ्यासाठी खिळ्याला टांगलेला असे.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या काही गोळ्या उडेनाशा झाल्या. नुसतं टक् व्हायचं. नवल म्हणजे तीच गोळी दुसऱ्यांदा चाप ओढल्यावर उडायची. काकांनी आधी टिकल्यांचा डबा बदलला. फरक पडला नाही. मग रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग नवी बसवून घेतली. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ते म्हणत. "दोन बदलल्या की दोष लपून बसतो."

"सगळं बदलून झालं," काकू म्हणाल्या. "आता बायको बदलून बघा."

"एका वेळी एकच म्हटलं ना."

मी हसले, पण मला एक दिसलं होतं. टिकली बसवायचं साधन मुठीत धरून अंगठ्याने दाबावं लागे. दाबताना काकांचा अंगठा थरथरायचा, आणि मग ते हात टेबलाखाली घेत. चहाचा कपही आता दोन्ही हातांनी धरत. 

एका शनिवारी त्यांनी माझ्यासमोर गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांचा एक ट्रे ठेवला, तसाच एक स्वतःसमोर. "यांच्या टिकल्या तू बसव, त्यांच्या मी बसवतो. बाकीचं सगळं मीच करीन."

ते काय तपासताहेत हे मला कळलं. मी जरा हलक्या हाताने दाबलं असतं, तर माझ्याही गोळ्या उडाल्या नसत्या. माझा हात थांबला.

"काहून थांबलीस?" वर न बघता ते म्हणाले. "नीट दाब. मला बरं वाटावं म्हणून काम बिघडवू नकोस."

मी नीट दाबलं. माझ्या टिकल्यांवरून बोट सपाट फिरत होतं. काकांनी बसवलेल्यांतल्या काहींवर ते किंचित अडत होतं. त्या पुऱ्या आत बसल्याच नव्हत्या. पहिला आघात त्यांना बसवण्यातच वाया जायचा.

रविवारी माझ्या सगळ्या गोळ्या उडाल्या. त्यांची पहिलीच टक् करून थांबली. काकांनी सावकाश पाढा म्हटला, शेवटपर्यंत. मग रिव्हॉल्व्हर रिकामं करून ठेवलं. "दोष सापडला," ते म्हणाले. "पण हा पार्ट बाजारात मिळत नाही." परतताना त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. तोवर त्यांच्या गाडीला दुसऱ्या कोणी हात लावला नव्हता.

डॉक्टरांनी त्या थरथरीला पार्किन्सन हे नाव दिलं. रिव्हॉल्व्हर आणि तळघरातलं सगळं सामान विकलं गेलं. सामान जाताना रडल्या त्या काकू. काका पुन्हा त्याविषयी बोलले नाहीत, आणि मला मात्र त्या शनिवारी नीट दाबणारा माझाच अंगठा आठवत राहायचा.

पुढे त्यांची वाचाही अडखळू लागली. शब्द मध्येच अडे, आणि भेटायला आलेली माणसं घाईने त्यांचं वाक्य पुरं करून टाकत. काका मग हो म्हणून मान हलवत. मी मनात पाढा म्हणायचे. सत्त्याऐंशीपर्यंत येते न येते, तोवर बहुतेक वेळा शब्द यायचा.

२००८ मध्ये मला दूर एडिसन शहरात नोकरी मिळाली. निघताना मी काकांना वाकून नमस्कार केला. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"पोचलीस की फोन कर म्हणतायत," काकू म्हणाल्या. "जा गं, विमान चुकेल."

काकांनी मान हलवली नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. मी बॅग खाली ठेवली. एकोणतीस एके एकोणतीस. सत्त्याऐंशी मागे पडले, शंभर मागे पडले. बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद. मी तरीही थांबले.

"त्या दिवशी," काका म्हणाले, "नीट दाबलंस. बरं केलंस."